दार उचलून लावावं लागतं, मिस्त्री!

(गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात चाळीस वर्षं गॅरेज चालवून आता मुलाच्या हाती सोपवलेले कराडचे एक मिस्त्री.)

प्रश्न : आमच्याकडे १९९९ची मारुती ८०० आहे. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात काढता येत नाही. तिचं पुढचं डावं दार खाली बसलंय. लावताना हँडल धरून वर उचलावं लागतं, नाहीतर लॉक धडकून परत उघडतं. मागच्या खालच्या कोपऱ्यात रंग खरवडून पत्रा दिसायला लागलाय. इथल्या एका गॅरेजवाल्यानं दोनदा स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो चौकटीच्या खांबावरचा तुकडा) खाली सरकवून दिला. चार-सहा महिने बरं चाललं, पुन्हा तेच. आता तो म्हणतो, दारच बदला. पावसात त्या बाजूला पायाखाली पाणीही येतं. जुलै २०२१च्या पुरात गाडी सीटपर्यंत बुडाली होती, तेव्हा आतून सगळी उघडून साफ केली होती. दुसरं म्हणजे, सासरे चौऱ्याऐंशीचे आहेत आणि त्यांना पुढेच बसायचं असतं. दार नीट लागलं नाही की ते माझ्यावरच चिडतात. दार बदलावं का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, दार बदलू नका. निदान आत्ता तरी नको. झिजलेल्या बिजागरीवर भंगारातून आणलेलं दुसरं दार टांगलंत तर तेही सहा महिन्यांत खाली बसेल, आणि रंगही जुळणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबलो. दार डावं आहे. घरच्या गाडीत सगळ्यात जास्त उघडमीट होते ती ड्रायव्हरच्या दाराची, म्हणजे आपल्याकडे उजव्या. आधी झिजायचं तर ते झिजायला हवं. डावं आधी बसलं याचा अर्थ त्याच्यावर कुणाचा तरी भार पडतोय. उद्या सासरे उतरतील तेव्हा त्यांचा हात कुठे जातो ते गुपचूप बघा. मी पैज लावतो, उघड्या दाराच्या वरच्या कडेवर. मारुतीची सीट बुटकी, गुडघे म्हातारे, माणूस जे हाताला लागेल ते धरून उठणारच. माझे वडीलही असेच उठायचे, आणि त्यांच्या गाडीच्या बिजागऱ्या मी दोनदा बदलल्या तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता स्ट्रायकरचं बघू. तुमच्या गॅरेजवाल्यानं केलं ते म्हणजे तापावर गोळी. खांबावरचा तो लोखंडी तुकडा दाराच्या लॉकला धरून ठेवण्यासाठी आहे, दाराला पेलण्यासाठी नाही. दार खाली आलं म्हणून स्ट्रायकर खाली नेला की दार लागतं खरं, पण ते खालीच राहतं, रबरावर सारखं बसत नाही, आणि झीज चालूच राहते. शिवाय बसलेलं दार लावताना स्ट्रायकरच त्याला वर उचलून धरतो, त्यामुळे बंद दार बघून ते किती बसलंय हे नीट कळत नाही. म्हणून माझ्याकडे अशी गाडी आली की मी आधी स्ट्रायकरच्या कडेनं पेन्सिलीनं खूण करायचो आणि तो सरळ काढून बाजूला ठेवायचो. मग दार हळूच टेकवायचं. दारावरची आडवी रेघ मागच्या दाराच्या रेघेपेक्षा किती खाली आहे, ते तेव्हा खरं दिसतं.

पुढचं काम दोघांचं आहे. काच पूर्ण खाली घ्या, दार अर्धं उघडा. एकानं दाराचं टोक दोन्ही हातांनी खालून धरून वर-खाली हलवायचं, दुसऱ्यानं वरच्या बिजागरीवर बोट ठेवून बसायचं. डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. पिन आपल्या भोकात खडखडत असेल तर पिन नाहीतर भोक झिजलंय. अख्खी बिजागरी खांबावर किंवा दारावर सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत. हे सगळ्यात स्वस्त दुखणं. आणि बिजागरीभोवतीचा पत्राच आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा हलत असेल, रंगाला केसासारख्या चिरा असतील, तर खांबाचा पत्रा गंजलाय किंवा फाटलाय. कोकणातली खारी हवा आणि वर पुराचं पाणी, तेव्हा ही तिसरी शक्यता तुमच्या बाबतीत मी हसण्यावारी नेणार नाही. तसं असेल तर पाना खाली ठेवा आणि चांगला वेल्डिंगवाला गाठा. तिथे नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वरच्याच बिजागरीवर बोट का? दार लटकतं तेव्हा वरची बिजागरी बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. दोघींमध्ये अंतर धरा दीड वीत, आणि बिजागरीपासून लॉकपर्यंत साडेचार विती. म्हणजे तिप्पट. वरच्या पिनेत १ मिलिमीटर ढिलाई आली की लॉकपाशी दार ३ मिलिमीटर खाली येतं. लोकांना वाटतं एवढं दार बसलं म्हणजे काहीतरी मोठं मोडलंय. मोडलेलं असतं ते नखाएवढं.

बोल्ट ढिले निघाले तर बिजागरीच्या कडेनं खिळ्यानं रेघ ओढून जुनी जागा नोंदवा. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर गोणपाटाची घडी. एका वेळी एकच बिजागरी सैल करायची, तीही दार सुटणार नाही इतपतच. दोन्ही एकदम सैल केल्या की दार पायावर येतं. माझ्या एका पोराच्या अंगठ्याचं नख असंच गेलं. बोल्टाची भोकं बोल्टापेक्षा जरा मोठी असतात, त्या जागेत जॅकनं दार उचलायचं आणि आवळायचं. आवळताना हवंय त्यापेक्षा काडेपेटीच्या काडीएवढं वर ठेवा, ते बसून जागेवर येतं. पुढचा वरचा कोपरा मडगार्डला घासत नाही ना, हे दार अगदी सावकाश उघडून बघा. पाना रिंगचाच घ्या. गंजलेल्या बोल्टावर खुला पाना लावून डोकं गोल केलंत तर पाच मिनिटांचं काम दिवसाचं होतं. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

पिन झिजली असेल तर नव्या बिजागऱ्यांची जोडी घालणं सरळ. मिळाली नाही तर लेथवाला भोक गोल करून जाड पिन बसवून देतो. काही डेंटर बिजागरीत लाकूड अडकवून दार दाबतात आणि ती वाकवून दार वर आणतात. मीही तरुणपणी केलंय. पिन झिजलेली असताना ते करणं म्हणजे हलणारा दात पिळण्यासारखं.

आता पाणी. ते मला वाटतं या भानगडीतलं नाहीच. काचेच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. दार झटक्यानं हलवून कान लावा. आत खळखळ झाली तर भोकं पुराच्या गाळानं बुजलीत, तारेनं मोकळी करा. साठलेलं पाणी दार जडही करतं आणि आतून कुजवतंही. दुसरं, आतल्या पुठ्ठ्यामागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पुरानंतर साफ करताना तो फाडून टाकला जातो आणि परत कुणी लावत नाही. त्या पुरानंतर कुंभार्ली घाट चढून आमच्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत तो नव्हता. तो नसला की पाणी पुठ्ठ्यातून थेट पायाखाली. जाड प्लॅस्टिक कापून, कडेनं चिकटवून, खालचं टोक दाराच्या आत सोडा.

सगळ्यात शेवटी स्ट्रायकर. आधी जुन्या खुणेवर सैलसा बसवा, दार लावा, मग वर-खाली करत लॉकच्या बरोबर समोर आणा आणि आवळा. दोनदा खाली नेलेला असल्यानं बहुधा तुम्हाला तो वर घ्यावा लागेल.

सासऱ्यांना दार धरू नका असं सांगू नका, ऐकणार नाहीत. सीटवर दोन इंच जाडीची घट्ट उशी टाका. आधी दोन्ही पाय बाहेर, मग एक हात सीटवर आणि दुसरा काठीवर. काठी गाडीत त्यांच्या हाताशी राहील अशी ठेवा. उशी गाडीसाठी आहे, असं म्हणालात तरी चालेल.

प्रश्न : जुन्या गाडीला चारही दारांची नवी रबरं बसवली. आता एकही दार एका झटक्यात लागत नाही. बिजागऱ्या सैल करून घेऊ का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : हात लावू नका. काल लागणारी चारही दारं एकाच दिवशी बसत नाहीत. नवं रबर फुगीर असतं, जुनं चपटं झालेलं होतं. आठ-पंधरा दिवस गाडी काचा चढवून, दारं पूर्ण लावून उन्हात उभी करा. रबरावर पावडर चोळा, ग्रीस नको. तेवढ्यानंही एखादं अडलंच तर कोपऱ्यात बघा, रबर तिथे ताणून किंवा दुमडून बसवलेलं असेल.