धडधड होते, पण ईसीजी मात्र नॉर्मल

प्रश्न : माझ्या आईचे वय ६६ असून तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. महिन्यातून एक-दोनदा तिच्या छातीत अचानक धडधड सुरू होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप थांबते. ईसीजी आणि २४ तासांचा हॉल्टर (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदणारे यंत्र), दोन्ही नॉर्मल आले. ‘हे सारे मनाचे खेळ आहेत,’ असे घरात म्हणतात. पुढे काय करावे?

उत्तर : साधा ईसीजी म्हणजे जेमतेम १० सेकंदांची नोंद. हॉल्टर लावलेला असताना आईंना धडधड जाणवली होती का, हे आधी आठवून पाहावे. जाणवली असेल आणि त्या वेळची नोंद नियमित असेल, तर अहवाल खरोखरच दिलासा देणारा आहे. नसेल, तर तपासणी अपुरी राहिली एवढेच त्यावरून म्हणता येईल. मनाचे कारण सर्वांत शेवटी धरावे.

त्रास रोजचा असेल तर हॉल्टर पुरतो. आईंच्या बाबतीत मात्र छातीवर चिकटवायचा १४ दिवसांचा पॅच, किंवा त्रास होताच घरी ईसीजी काढता येईल असे छोटे यंत्र अधिक उपयोगी ठरेल. क्वचित पण बेशुद्धीसह येणाऱ्या झटक्यांसाठी त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो व तो काही वर्षे नोंद ठेवू शकतो. मनगटी घड्याळाने प्रकाशाच्या साहाय्याने टिपलेली अनियमित नाडी हा केवळ इशारा असतो. एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित स्पंदनाचे, निदान डॉक्टरांनी स्वतः वाचलेल्या ईसीजीवरच करतात; त्यासाठी दवाखान्यातला साधा पूर्ण ईसीजी किंवा पॅच वा छोट्या यंत्रावरची किमान ३० सेकंदांची नोंद लागते.

हा शोध सोडू नये, कारण एट्रियल फिब्रिलेशन अधूनमधून येणारे असले तरी हृदयाच्या डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि आईंचे वय व रक्तदाब त्यात भर घालतात. निदान झाल्यास रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचा निर्णय डॉक्टर घेतील; तोवर स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. थायरॉईड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि टूडी इको या तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्याव्यात.

पुढच्या वेळी धडधड सुरू होताच मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजून ती वेगवान पण एकसारखी आहे की अनियमित, हे वेळेसह लिहून ठेवावे, आणि लांबच्या तज्ज्ञाकडे धावण्याऐवजी जवळच्या दवाखान्यात लगेच ईसीजी काढून त्याची प्रत जपावी. धडधडीसोबत छातीत दुखणे, धाप, भोवळ, तोंड वाकडे होणे किंवा बोलण्यात अडखळणे असे काही दिसले, तर मात्र थेट मोठे रुग्णालय गाठावे.