हिवाळ्यात उठवत नाही, बोलवत नाही : हा आळस की आजार?

स्वीडनमध्ये उप्सालाला शिकायला आल्यापासूनचा हा आपला दुसरा हिवाळा; ऑक्टोबर सरला की सकाळी उठवत नाही, सारखा भात आणि गोड खावेसे वाटते, घरचा फोनही नकोसा होतो, आणि हा आळस आहे की आजार, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, पण हे वर्णन दर हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याशी, म्हणजे ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ या विकाराशी जुळते. साताऱ्याहून स्टॉकहोमला आल्यावर पहिले दोन हिवाळे मी स्वतःला आळशी म्हणवून घेण्यातच घालवले.

डिसेंबरात येथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजण्यापूर्वी मावळतो. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते, आणि तो न मिळाल्याने ते मागे पडते, असे या विकाराचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून तिकडे गेलेले, हे मला बोलके वाटते. एरवीच्या नैराश्यात बहुधा झोप आणि भूक उडते, यात दोन्ही वाढतात. म्हणूनच ते आळसासारखे दिसते. आईने मला सूर्यनमस्कार घालायला सांगितले, तेव्हा ‘कोणत्या सूर्याला?’ असे मी चिडून विचारले होते.

मला गुण आला तो १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिव्याने. उठल्याबरोबर तो टेबलावर लावून मी अर्धा तास समोर बसते. तेवढ्यात चहा पिऊन होतो, मेथी निवडून होते. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नसते. सुरुवातीला मी तो संध्याकाळी लावला आणि रात्री एकपर्यंत टक्क जागी राहिले. दुपारी, आभाळ भरलेले असले तरी, बाहेर चालून यावे; घरातल्या दिव्यांपेक्षा तो उजेड कितीतरी अधिक असतो. ड जीवनसत्त्व कमी असल्यास घ्यावेच, पण केवळ त्यावर विसंबू नये.

डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा बायपोलर आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नये. जगणे नकोसे वाटू लागल्यास वाट न पाहता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. एरवी ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर कोठे जावे ते सांगतात. समुपदेशन आणि औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. जाताना त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो, कधी ओसरतो, किती तास झोप लागते, हे लिहून न्यावे. मी ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणाले होते, आणि रक्त तपासून घरी परतले होते.