झाकलं जाण्याआधी बघून घे

ठाणे,
जानेवारी अखेर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कोटेशन नीट वाचलं. नेरूळचं घर, सिडकोची जुनी इमारत, एक बेडरूम, हातात ६ लाख, आणि मे महिन्यात आई-बाबा गावाहून कायमचे राहायला येणार. एवढ्या कामासाठी कंत्राटदाराने तुला पाच ओळी लिहून दिल्या आहेत. ‘बाथरूम पूर्ण नवीन, १ लाख ८० हजार.’ पूर्ण नवीन म्हणजे काय काय, ते कुठेच नाही. जे आज कागदावर नाही ते उद्या ‘एक्स्ट्रा’ म्हणून तुझ्याकडेच येणार. त्यामुळे होकार द्यायची घाई करू नकोस.

माझा सगळा जन्म साइटवर गेला. त्यातून तुला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकीचं सगळं तिच्याच पोटात येतं. घरात जे झाकलं जाणार आहे त्यावर आधी पैसे घाल, आणि ते झाकलं जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पाण्याच्या लाइनी, वायरी, वॉटरप्रूफिंग, छताचं काँक्रीट. लादीचा रंग नाही आवडला तर त्याच्यासोबत माणूस राहू शकतो. लादीखालून पाणी झिरपायला लागलं तर राहू शकत नाही, आणि ते थांबवायला तीच नवी लादी फोडावी लागते.

सुरुवात छतापासून कर. हॉलमध्ये फॉल्स सीलिंग हवं म्हणतेस. त्याआधी शिडी लावून स्लॅब बघ. कुठे काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत, सळई दिसते आहे, गंजाचे तपकिरी पट्टे आहेत, असं असेल तर तिथे सीलिंग म्हणजे रोग झाकणं. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर आधी उपचार. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल माग. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तुझी इमारत तिशी ओलांडलेली आहे, म्हणजे अहवाल असायला हवा.

त्याच भेटीत सेक्रेटरींना सरळ विचार, पुनर्विकासाचं कुठवर आलंय? सिडकोच्या जुन्या इमारतींत हा विषय आज जवळपास प्रत्येक सर्वसाधारण सभेत असतो. नुसती चर्चा असेल तर तुझं काम थांबवायचं कारण नाही. पण विकासक नेमला गेला असेल तर भिंतीला ठोकलेल्या फर्निचरवर एक रुपयाही घालू नकोस. कपाटं सुटी घे, उद्या उचलून नेता येतील अशी.

स्वयंपाकघराची भिंत काढून ‘ओपन किचन’ करू, असं कंत्राटदार म्हणाला ना? बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, हे त्यालाही माहीत असेल. पण भिंत नुसती आडोशाची आहे की भार पेलते आहे, हे त्याने हाताने ठोकून सांगायचं नसतं. काही जुन्या, कमी मजल्यांच्या घरांत भिंतीच भार घेतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन बोलाव, त्याच्याकडून लेखी घे, सोसायटीची परवानगी घे, आणि मगच घण उचलू दे. खरं सांगू का, तुझ्या आईला फोडणीचा धूर हॉलमध्ये आलेला चालणार आहे का, हे तू तिला विचारलेलं नाहीस. मला ही भिंत काढावी असं वाटत नाही.

आता बाथरूम. सगळ्यात जास्त लक्ष तुला इथे द्यायचं आहे.

आधी मोजून घे. तू पाठवलेली मापं ४ बाय ७ फूट. जमिनीचे झाले २८ चौरस फूट. चारी भिंती मिळून २२ फूट, ७ फूट उंचीपर्यंत लादी म्हणजे १५४. दाराचे साधारण १७ वजा कर. एकूण १६५ च्या आसपास, आणि तुटफूट १० टक्के धरली तरी १८० ते १८२. कोटेशनात लादीचे २४० चौरस फूट लिहिलेत. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. अनेक जण अंदाजाने लिहितात आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला जातो. तू टेप घेऊन त्याच्यासमोर मोज आणि मोजमापावर दोघांच्या सह्या कर. लाद्या घेताना सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना ते बघ. एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेव. तीच लादी दोन वर्षांनी दुकानात मिळत नाही.

तोडफोडीआधी खालच्या मजल्यावर जा. त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढ. ओल आधीपासून आहे का, ते दोघांनाही कळलेलं बरं. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून येणारं पाणी सोसायटीच्या गळ्यात. भांडणं बहुतेक वेळा या दोहोंच्या सीमेवर होतात, म्हणून कामाआधीची स्थिती नोंदलेली असू दे.

जुन्या लोखंडी लाइनी सगळ्या काढून टाक. ‘मॅडम, ही अजून चांगली आहे’ म्हणून एखादा तुकडा ठेवू देऊ नकोस. जुनी आणि नवी लाइन जिथे जोडतात तिथेच पुढे गळतं. गरम-गार पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप घे. प्लंबरने भिंतीत लाइन बसवली की त्यावर लगेच प्लास्टर होऊ देऊ नकोस. हातपंप लावून, मीटरवर प्रेशर चढवून रात्रभर ठेवायला सांग. सकाळी काटा उतरला नसेल तरच पुढे. चांगल्या प्लंबरकडे हा पंप असतोच. नसेल तर तो भाड्याने आणेल, पण टेस्ट सोडायची नाही.

वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि ४८ तास थांबायचं. मग खूण बघायची, आणि खालच्यांच्या छताला हात लावून बघायचा. थोडं पाणी वाफ होऊन जातं, त्याने घाबरू नकोस. ही टेस्ट दोनदा कर, एकदा सिमेंट-केमिकलच्या थरानंतर, पुन्हा वरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा झाल्यावर. कंत्राटदाराला हे चार दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, कारण माणसं बसून राहतात. म्हणून टेस्टचे दिवस करारातच लिहून टाक, त्या दिवसांत तो खोलीतलं दुसरं काम काढेल. उतार ट्रॅपकडेच आहे ना, ते लादी बसल्यावर एक तांब्या पाणी ओतून कळतं. लादी बसवून झाली की नाण्याने ठोकत जा. जी पोकळ वाजेल ती त्याच दिवशी काढायला लाव.

वायरिंगचंही तेच. जुन्या घरांत बऱ्याच पॉइंटना अर्थिंग नसते. दिव्यांना १.५, साध्या प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, सगळी आयएसआयची. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच हवाच, ओल्या हाताने बाबा गीझरचं बटण दाबणार आहेत. एसी बसवायचा असेल तर महावितरणकडे मंजूर भार किती आहे तोही बघ. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढ, म्हणजे जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर लाइन आहे ते दिसेल. पुढे पडद्याचा रॉड ठोकताना याच फोटोंनी तुझा खर्च वाचणार आहे.

पैसे वाचवायचे ते दिसणाऱ्या गोष्टींत वाचव. मॉड्युलर किचनचा आकडा बघून मला धडकीच भरली. ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली कडप्प्याचे कप्पे कर. ते ओलीने फुगत नाहीत, वाळवी लागत नाही. त्यात स्टीलच्या ट्रॉल्या हळूहळू, पगारातून बसव. सिंकखाली प्लाय हवाच असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघ. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. फॉल्स सीलिंग सोड. बेडरूमची लादी धड आहे, तिला पॉलिश कर. रंग साधा दे. आणि ६ लाखांतले ६० हजार कुठल्याच कामाला लावू नकोस. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं.

पैशांच्या हप्त्यांबद्दल. तो ५० टक्के आगाऊ मागतोय. देऊ नकोस. बऱ्याचदा तुझ्या ॲडव्हान्समधून तो आधीच्या कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम पुरं करत असतो, आणि तुझ्यासाठी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघतो. १० टक्के देऊन काम सुरू कर, पुढचे हप्ते टप्प्यांना बांध. लाइनीची टेस्ट पास, मग एक हप्ता. पाणी भरून पाहिलं, मग दुसरा. लादी पूर्ण, मग तिसरा. तारखेला हप्ता बांधू नकोस, कामाला बांध. शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा पार पडल्यावर. यावर तो कुरकुर करेल, बोलणी इथेच अडतील. अगदीच अडलं तर ५ टक्क्यांवर ये, पण पावसाळ्याची अट सोडू नकोस.

पण टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे दे, एक दिवसही रखडवू नकोस. त्याला शनिवारी माणसांना खर्ची द्यायची असते. गवंडी, बिगारी, लादीवाला, सुतार, सगळी मंडळी घरापासून लांब राहून काम करतात. त्यांना प्यायचं पाणी, संडासाची सोय आणि दुपारचा चहा मिळतो की नाही हे तू बघ. ज्या घरात माणसाला माणसासारखं वागवतात तिथे चूक झाली तर तो येऊन सांगतो. नाहीतर ती चूक लादीखाली जाते.

‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असं तो म्हणाला, तर नको म्हण. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर तो कर लावूच शकत नाही. नोंदणी असेल तर बिल दिलंच पाहिजे. दोन्हीपैकी काहीही असो, सही केलेला कागद तुझ्याकडे हवा. पुढे वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो, कागद काय आहेत?

डेब्रिजचं, म्हणजे तोडफोडीच्या मलब्याचं मात्र मला फार मनापासून सांगायचं आहे. कोटेशनात ‘डेब्रिज काढणे’ एवढंच आहे. कुठे नेणार, ते विचार. रात्री टेम्पो खाडीकाठी, कांदळवनात रिकामा करणं हे आपल्या भागात वर्षानुवर्षं चालत आलं आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि तरी तिच्या काठावर लोकांच्या फुटक्या लाद्या सापडतात. भरती-ओहोटीचं पाणी अडलं की कांदळवन मरतं. तुझ्या बाथरूमचा मलबा तिथे जाता कामा नये. महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन विल्हेवाटीची रीतसर पद्धत विचार, तिचा खर्च वेगळा लिहून घे आणि पावती मिळाल्याशिवाय तो हप्ता सोडू नकोस.

या माणसालाच काम द्यायचं का, हे ठरवण्याआधी त्याने केलेली दोन-तीन घरं बघ. त्यातलं निदान एक असं हवं, ज्याने दोन पावसाळे काढलेत. नव्या कोऱ्या घरात सगळंच छान दिसतं. त्या घरातल्या बाईंना एकटीने विचार, काम संपल्यावर बोलावलं तर हा आला का? मला या उत्तरावर इतर कशाहीपेक्षा जास्त भरवसा आहे.

वेळेचं गणित असं, की होळीला बरेच कारागीर गावी जातात आणि परतायला वेळ लावतात. तोडफोड, लाइनी आणि वॉटरप्रूफिंग त्याआधी उरकलं तर मे गाठता येईल. त्यासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करार व्हायला हवा. तोवर नळ, टाइल, कमोड सगळं तूच दुकानात जाऊन ठरवून ठेव. काम चालू असताना ‘थांबा, जरा विचार करते’ म्हटलं की रोजची हजेरी चढत जाते.

एक काम या रविवारीच कर. आई-बाबांना फोन करून विचार, खुर्चीतून उठताना त्यांचा हात कुठे जातो, गुडघा कुठला दुखतो, उजवा की डावा. कमोडशेजारी आणि शॉवरखाली आधाराचे दांडे लागणार आहेत. ते विटेच्या भिंतीत घट्ट बसायला हवेत, त्यांची जागा लादी लागण्याआधी ठरते. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं कर, कुणी आत पडलं तर आत ढकलायचं दार उघडत नाही. जमिनीची लादी खरखरीत घे, चकचकीत नको. मापं कळली की मला पाठव, मी दांड्यांच्या उंचीसकट आराखडा काढून देते.

तुझी,
मावशी