‘होता’, ‘होती’ आणि दुतोंड्या मारुती

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. नाशिक रोडच्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवते. वर्गात 52 मुलं. निबंधाआधी फळ्यावर मुद्दे लिहून देते, तरी निबंध सपकच उतरतात. सगळी वाक्यं एकाच मापाची. मुद्दे काढायला आणि वाक्यांत फेरफार करायला कसं शिकवावं? – एक शिक्षिका

उत्तर : आधी ते फळ्यावरचे मुद्दे पुसा. पंचवटीतल्या एका शाळेत मीही कितीतरी वर्षं हेच केलं. विषय ‘पावसाळा’, फळ्यावर ‘आगमन, निसर्ग, शेतकरी, फायदे, तोटे’. वह्या तपासायला घेतल्या की सगळे निबंध जुळी भावंडं. खरं सांगते, दहाव्या वहीनंतर मी वाचत नव्हते, नुसत्या सह्या ठोकत होते. पोरांचा दोष नाही. दहावीच्या पेपरातसुद्धा कथालेखनाला पुष्कळदा मुद्दे छापून येतात. मुद्दे वरून मिळतात, अशीच त्यांची समजूत.

शिवाय ‘तोटे’ हा मुद्दाच नव्हे, ती डब्यावरची चिठ्ठी झाली. आत काय आहे ते कुठे कळतं? ‘पुराच्या भीतीने भांडी बाजारातल्या काकांनी माल माळ्यावर चढवला’ हा मुद्दा. त्यातून पुढचं सुचतं.

माझा उपाय फुकटातला आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापायच्या, प्रत्येकाला सात. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, पूर्ण वाक्यात. मग बाकावर मांडून क्रम लावायचा. एका वर्षी विषय दिला ‘मी पाहिलेला पूर’. एका मुलाने गंगापूर धरणातून पाणी सोडलं तिथपासून शिस्तीत ओळ लावली. शेजारच्या मुलीने ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’ ही चिठ्ठी उचलून सगळ्यांत वर ठेवली आणि धरण तिसऱ्या जागी ढकललं. दोघांची जुंपली. मी मध्ये पडले नाही. किती क्युसेक पाणी सोडलं यावरून नाशिककराला पूर कळत नाही, तो कळतो रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. मुलाचा क्रमही चूक नव्हता. पण ऐकणारा कुठे कान टवकारेल, याचा विचार तिने केला. सात चिठ्ठ्यांतल्या दोन मात्र बाजूला काढायला लावा. पोरांना हेच सगळ्यांत जड जातं, ‘बाई, पण हेपण झालं होतं ना!’ म्हणतात.

वाक्यांना त्या दिवशी हात लावू नका. तो वेगळा तास.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून आपला एकसुरीपणा वाक्याच्या शेपटीत सापडतो. मुलांना एकच परिच्छेद घेऊन प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाभोवती गोल करायला सांगा. एका मुलाच्या वहीत होतं : ‘गोदावरीला पूर आला होता. आम्ही होळकर पुलावर गेलो होतो. पुलावर खूप गर्दी होती. पाणी गढूळ होते. मारुती अर्धा बुडाला होता.’ पाच वाक्यं, पाच गोल, सगळे एकाच घरातले. म्हटलं, ‘एक ठेव, बाकीच्यांना घालव.’ बराच वेळ पेन चावून त्याने लिहिलं :

‘पूर बघायला होळकर पुलावर गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. खाली गढूळ पाणी. गर्दीतून वाट काढत कठड्याशी पोचल्यावर दिसला मारुती, अर्धा बुडालेला.’

एकही ‘होता’ उरला नाही! ‘काढत’, ‘पोचल्यावर’, ‘बुडालेला’ ही धातुसाधितं, म्हणजे क्रियापदाच्या धातूपासून बनलेले शब्द, पोरं व्याकरणाच्या तासाला गुणांपुरती पाठ करतात, इथे ती कामाला लागली. ‘दिसला मारुती’मध्ये क्रियापद पुढे आलं, ‘खाली गढूळ पाणी’त ते आलंच नाही. हे सगळं त्याच्या हातून घडल्यावर मग केवल, मिश्र, संयुक्त ही वाक्यप्रकारांची नावं सांगा. आधी नको.

एक सावधगिरी. नवी युक्ती हाती लागली की पोरं ती भाजीत मिठासारखी नाही, मिठात भाजीसारखी वापरतात. ‘आला पाऊस, चमकली वीज, भिजलो मी, ओरडली आई.’ अशा वेळी मोठ्याने वाचायला लावा. वर्ग हसला की लिहिणाऱ्याला कळतं. आणि 52 वह्या घरी नेऊ नका हो. गोल करायचं काम शेजारच्याच्या वहीत शेजारी करतो. दुसऱ्याचे ‘होते’ फार लवकर दिसतात.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. मुद्दे छान काढते, पण लिहिताना भलतीकडेच जाते. रागवावं का? – एक पालक, सिन्नर

उत्तर : मुळीच नको. लिहून झाल्यावर तिला मुद्द्यांचा कागद उलटा ठेवायला सांगा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार शब्दांत लिहू द्या, इथे मी काय सांगितलं. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. पुष्कळदा दुसरी यादी सरस निघते. तसं झालं तर पहिला कागद खुशाल फाडा. एखाद्या परिच्छेदापुढे तिला चार शब्दही सुचले नाहीत, तर काय करायचं ते तुम्ही सांगू नका, तीच खोडेल.