सरकारी कार्यालयाच्या नव्या इमारतीत वीज वाचवायची असेल तर एसी आणि वीजयंत्रणेचं डिझाइन कुठून सुरू करावं?

सोलर, एलईडी, पाच स्टार ही यादी तुम्हाला कोणीही देईल. मी टनाबद्दल, म्हणजे एसीच्या गार करण्याच्या क्षमतेच्या मापाबद्दल बोलतो, कारण त्यावरून माझं एकदा भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालय उभं राहत होतं. एसीची जागा 12,000 चौरस फूट. रात्री जागून हीट लोड काढला, म्हणजे इमारतीतून किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा हिशेब; आकडा आला 48 टन. वरच्या साहेबांनी कागद उलटूनही पाहिला नाही. "दीडशे फुटाला एक टन. 80 लिही. मे महिन्यात मंत्र्यांना घाम आला तर तू वारा घालणार?" दहा-दहा टनांचे आठ पॅकेज संच बसले.

मे महिन्यात तक्रार आली नाही, कबूल. मग पाऊस लागला. बाहेर 27 अंश, दमटपणा 90 टक्क्यांवर. एवढी मोठी यंत्रं पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडायची. हवेतलं पाणी कॉइलवरून गळून जायला कॉम्प्रेसर सलग चालावा लागतो. इथे तो थांबायचा, पंखा मात्र चालूच, म्हणजे कॉइलवरचं पाणी परत खोलीत. चिकचिक होते म्हणून लोक 18 वर लावायचे, मग डक्टला घाम. चवथीच्या सुट्टीनंतर रेकॉर्ड रूम उघडली तर फायलींवर बुरशी. क्लार्क बाई शाल पांघरून बसलेल्या आणि शेजारी टेबल फॅनखाली फायली वाळत घातलेल्या!

ट्रान्सफॉर्मर, केबल, जनरेटर सगळं त्याच 80 टनांच्या मापाने घेतलेलं. ट्रान्सफॉर्मरवर लोड असो-नसो, नो-लोड लॉस, म्हणजे त्याच्या आतच वाया जाणारी वीज, चोवीस तास चालू. जनरेटर कमी लोडवर नुसता धूर ओकायचा.

तेव्हा हीट लोड दोनदा काढा, मे महिन्याचा आणि ऑगस्टचा. बाहेरची ताजी हवा वेगळ्या युनिटमधून कोरडी करूनच आत घ्या. पश्चिमेला काच लावू नका. आपल्या जुन्या घरांना खोल पडव्या उगाच नव्हत्या. पंप-पंख्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र लावा, 80 टक्के वेगावर वीज जवळपास निम्मी लागते. कनेक्टेड लोड, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज, 100 किलोवॅट किंवा जास्त असेल तर ईसीबीसी, म्हणजे केंद्राची इमारतींसाठीची ऊर्जा-बचत संहिता, तिच्या सध्याच्या आवृत्तीत वाचा, दमट हवामानाचे आकडे त्यात वेगळे दिलेत. वायरिंग, कपॅसिटर, लायटिंगवर दुसरं कोणीतरी लिहील.

हो, साहेबांचा दीडशे फुटांचा थंब रूल पहिल्या अंदाजपत्रकापुरता चालतो. इन्व्हर्टर किंवा व्हीआरएफ, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे एसी असतील तर वरचा त्रास कमी होतो, जात नाही. सर्व्हर रूम या हिशेबात धरू नका, तिला वेगळा संच लागतो.

गेल्या पावसात त्या इमारतीत गेलो होतो. ऑपरेटरने आपल्याच डोक्याने आठपैकी तीन संच बंद ठेवलेत. वर कळवलेलं नाही, फायली कोरड्या आहेत. साहेब, मी 48 म्हटलं होतं.