पडल्यावर मनगट दुखतंय, एक्स-रे नॉर्मल आलाय, मग डॉक्टरांना नुसतं हाताने तपासून लिगामेंट किंवा कूर्चा फाटलीये हे कळतं का?

बऱ्यापैकी अंदाज येतो, पण शंभर टक्के नाही. एक्स-रेत हाडं दिसतात, कूर्चा आणि लिगामेंट दिसत नाहीत, म्हणून नॉर्मल रिपोर्टवर निवांत बसू नका. दुखतंय कुठे ते आधी बघतात. करंगळीच्या बाजूला हाडाचं टोक आणि शेजारचा स्नायूबंध (टेंडन) यांच्यामध्ये एक मऊ खळगा असतो, तिथे बोटाने दाबल्यावर नेमकी तीच ओळखीची कळ आली तर टीएफसीसी, म्हणजे मनगटातली करंगळीकडची कूर्चा आणि लिगामेंटची गादी, फाटल्याचा संशय घेतात, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठतानाही तिथेच दुखतं.

अंगठ्याकडच्या बाजूसाठी वॉटसन टेस्ट, म्हणजे तळहाताकडून स्कॅफॉइड (मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड) यावर अंगठा दाबून धरायचा आणि मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे वळवायचं, दुखून खट्कन हाड सरकलं तर स्कॅफॉइडला शेजारच्या ल्युनेट हाडाशी बांधणारं स्कॅफोल्युनेट लिगामेंट सैल झालंय असं समजतात. पण काहींचे सांधे मुळातच लवचिक असतात ना, म्हणून दुसरा हात पण तपासायलाच हवा, डॉक्टरांनी नाही केलं तर सरळ सांगा. अंगठ्याच्या मुळाशी खड्ड्यात दुखत असेल तर स्कॅफॉइडचं बारीक फ्रॅक्चर सुरुवातीच्या एक्स-रेत सुटू शकतं, १०-१४ दिवसांनी परत काढतात. संशय राहिलाच तर एमआरआय, आणि अगदीच गरज पडली तर सांध्यात दुर्बीण घालून बघतात. प्लीज घरी यूट्यूब बघून मनगट पिळू नका, हाताच्या सर्जनला दाखवा.