रिसेप्टरच्या शोधात पीएच.डी.: देश आधी की प्रयोगशाळा?

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात एम.एस्सी. पूर्ण झाल्यावर, भ्रूणाच्या वाढीत भाग घेणारे पेशीपृष्ठावरील नवे रिसेप्टर (बाहेरून येणारा संदेश-रेणू ओळखणारी प्रथिने) शोधण्यासाठी जर्मनीत यावे की अमेरिकेत जावे, असे तुम्ही विचारले आहे. मुलुंड सोडून मला जर्मनीत बरीच वर्षे झाली. माझ्या मते देशाचा विचार मागाहून करावा. ज्या प्रयोगशाळेत जाणार, तिथे रिसेप्टर कोणत्या वाटेने शोधतात, हे आधी पाहावे.

एक वाट उत्परिवर्तनांची, म्हणजे जनुकातील बदलांची आहे. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या एका उत्परिवर्तित वाणात हृदयाच्या पूर्वपेशी मध्यरेषेपर्यंत पोहोचतच नाहीत आणि भ्रूणात दोन हृदये तयार होतात; त्यामागचे जनुक एका लिपिडला (मेदासारख्या रेणूला) ओळखणाऱ्या रिसेप्टरचे आहे, हे २००० साली कळले. ही वाट खात्रीची, पण संथ आहे. दुसरी वाट रेणूंची थेट जोडी जुळवण्याची. पेशीबाहेरच्या प्रथिनांचे बंध पुष्कळदा इतके दुबळे असतात की नेहमीच्या पद्धतीत धुण्याच्या पायरीवरच ते सुटून जातात. म्हणून एका प्रथिनाच्या पाच प्रती एकत्र बांधून पकड वाढवावी लागते. शुक्रपेशीवरील इझुमो-१ या प्रथिनाला बीजांडावर जूनो हे प्रथिन ओळखते, हे २०१४ साली याच युक्तीने सापडले.

शिवाय 'नवा' म्हणवला जाणारा शोध कित्येकदा जुन्या रिसेप्टरचाच असतो. अपेलिन या संदेश-रेणूचा रिसेप्टर १९९३ पासून माहीत होता. तो नसलेल्या झेब्राफिशच्या भ्रूणात हृदय नीट घडत नाही, पण केवळ अपेलिन नसल्याने तितका बिघाड होत नाही, हे कोडे २०१३-१४ मध्ये त्याच रिसेप्टरला जुळणारा दुसरा, अगदी छोटा पेप्टाइड (प्रथिनाहून लहान साखळी) सापडल्यावर सुटले. अर्जात असा विषय फारसा आकर्षक दिसत नाही. मला मात्र पीएच.डी.साठी तोच अधिक भरवशाचा वाटतो.

म्हणून मुलाखतीत विचारा की शुद्ध लिगँड (रिसेप्टरला जुळणारा रेणू) हाताशी आहे का, आणि मॉर्फोलिनोने (जनुकाचे काम तात्पुरते रोखणाऱ्या कृत्रिम रेणूने) दिसलेला परिणाम जनुकच काढून टाकलेल्या माशातही दिसतो का. दोन्हींचे निष्कर्ष जुळत नाहीत असे वारंवार आढळले आहे. २०१५ साली त्याचे एक कारण पुढे आले, ते म्हणजे उत्परिवर्तित माशात इतर जनुके ती उणीव भरून काढतात.

जर्मनीत बहुधा थेट एकाच प्रयोगशाळेत नेमणूक होते. अमेरिकेत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून निवड करता येते. विषय पक्का नसेल, तर ती सोय मोठी आहे. युरोपीय नियमांनुसार स्वतः अन्न घेऊ लागण्यापूर्वीच्या झेब्राफिश भ्रूणांवरील प्रयोगांना प्राणी-परवाना लागत नाही. प्रौढ माशांसाठी लागतो, आणि त्याला महिनोन्महिने जातात. कामकाज इंग्रजीत चालते, घर शोधताना मात्र जर्मन लागते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) झेब्राफिशच्या भ्रूणांवर काम चालते. तिथे किंवा तशाच एखाद्या ठिकाणी प्रोजेक्टवर जागा मिळाली, तर निघण्यापूर्वी सूक्ष्म-इंजेक्शनाचा, म्हणजे बारीक सुईने भ्रूणात द्रव सोडण्याचा हात बसवून घ्या.